दोन लाइन, एक राउटर: अभ्यासिकेसाठी कोणता डबा घ्यावा?

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी अभ्यासिकेचं नेट बघायला गेलो होतो. सव्वाशे खुर्च्या, स्पर्धा परीक्षेची पोरं, सकाळी सहाला कुलूप उघडतं ते रात्री बाराला लागतं. मालक काकांनी दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतलेल्या, एक १०० एमबीपीएसची, दुसरी ५० ची. दोन्हींचे ओएनयू (फायबर जिथं येऊन लागते तो कंपनीचा डबा) शेजारी शेजारी खिळ्याला टांगलेले, दोघांचं आपापलं वाय-फाय आणि भिंतीवर स्केचपेननं लिहिलेले दोन पासवर्ड. पहिला पासवर्ड सोपा, म्हणून सगळे त्याच्यावरच. दुसरी लाइन दिवसभर माशा मारत बसलेली. "दोन-दोन बिलं भरतो, पण संध्याकाळी सातला ओरडा व्हायचा तो होतोच," काका म्हणाले.

अशा जागी लोड बॅलन्सिंग राउटर लागतो. मागून दोन-तीन लाइन आत घेतो, पुढे एकच नेटवर्क देतो, आणि कुठलं कनेक्शन कुठल्या लाइनवरून सोडायचं ते स्वतः ठरवतो. पर्याय मुख्यतः चार. त्यातले तीन मी नेहमी बसवतो, चौथा एकदाच हाताळलाय.

खरेदीआधी एक गैरसमज काढून टाका. १०० आणि ५० मिळून १५० ची एक लाइन होत नाही. एका मुलानं एक मोठी फाइल उतरवायला लावली तर ती कुठल्या तरी एकाच लाइनवरून येणार, म्हणजे फार तर १०० नं. दुसऱ्याचं लेक्चर तेवढ्यात दुसरीवरून चालेल, फायदा तो. स्पीड टेस्ट मात्र एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडते, त्यामुळे तिथं कधी कधी १४० दिसतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. तो आकडा दाखवून मीही पैसे घेतलेत, नाही म्हणत नाही.

टीपी-लिंक ईआर६०५

ज्यांच्याकडे नेटवर्कचं बघायला कायमचा माणूस नाही, त्यांना मी हाच सांगतो. पाच गिगाबिट पोर्ट, त्यातले चारपर्यंत इंटरनेटच्या लाइनला देता येतात. नव्या आवृत्तीला यूएसबी पोर्ट आहे, त्यात चालणारा डोंगल लावला की मोबाइलचं नेट बॅकअपला येतं. वाय-फाय यात नाही, ते देणारे ॲक्सेस पॉइंट वेगळे घ्यावे लागतात. सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडतं आणि थोडं फार कळणारा मुलगा तासाभरात लाइन चालू करतो.

पण एका रकान्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. प्रत्येक लाइनची अपलोड-डाउनलोड क्षमता तिथं भरायची असते आणि ती कारखान्यातून येताना १०,००,००० केबीपीएस, म्हणजे एक गिगाबिट अशी भरलेली असते. ती बदलली नाही तर राउटरच्या दृष्टीनं तुमची १०० ची आणि ५० ची लाइन सारखीच. मग ५० वाली आधी गुदमरते आणि दोष डब्याला बसतो. पहिलीला १,००,००० आणि दुसरीला ५०,००० लिहा, वाटणी दोनास एक होते.

दुसरी गोष्ट 'ॲप्लिकेशन ऑप्टिमाइझ्ड राउटिंग'च्या टिकमार्कची. ती चालू असली की तुमचा मोबाइल ज्या सर्व्हरशी ज्या लाइनवरून बोलायला लागला, त्या सर्व्हरशी पुढेही त्याच लाइनवरून बोलतो. नाहीतर नेट बँकिंगमध्ये लॉगिन एका आयपीवरून (म्हणजे एका लाइनच्या पत्त्यावरून) आणि पुढचं पान दुसऱ्या आयपीवरून मागितलं जातं, बँकेला संशय येतो आणि ती तुम्हाला बाहेर काढते. परीक्षेच्या फॉर्मची फी भरताना हे झालं की पोरगं रडकुंडीला येतं.

मायक्रोटिक हेक्स

किंमत ईआर६०५ च्याच गटातली, दहा हजारांच्या आत. आकारानं तळहाताएवढा, पोर्ट पाचच. पण आत राउटरओएस ही मायक्रोटिकची स्वतःची प्रणाली आहे, आणि त्यात न होणारं काम शोधावं लागतं. गावोगावचे केबलवाले आणि छोटे इंटरनेट पुरवठादार मायक्रोटिकवरच धंदा करतात, त्यामुळे जाणकार मिळतो. तो फोन उचलतो का, हा वेगळा प्रश्न.

वाटणीसाठी इथं पीसीसी नावाची पद्धत वापरतात. १०० आणि ५० साठी कनेक्शनांचे तीन ढीग करायचे, दोन पहिलीला, एक दुसरीला. ढीग कशावरून पाडायचे ते तुमच्या हातात. पाठवणारा आणि घेणारा या दोघांच्या पत्त्यावरून पाडले तर वाटणी बारीक होते, पण पेमेंटच्या वेळी दुकानाची साइट एका लाइनवर आणि बँकेची दुसरीवर जाऊ शकते. नुसत्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून पाडले तर एक मोबाइल कायम एकाच लाइनवर राहतो. वाटणी ढोबळ होते, तक्रारी मात्र जवळजवळ बंद. सव्वाशे पोरं असतील तर ढोबळ वाटणीही सरासरीनं बरी पडते, म्हणून अभ्यासिकेला मी दुसरी पद्धत लावतो. चार जणांच्या ऑफिसला ती लावू नका, चौघेही एकाच लाइनवर सापडायचे.

दोन खड्डे ठरलेले आहेत. मायक्रोटिकच्या तयार सेटिंगमध्ये फास्टट्रॅक चालू असतो, आणि तो पॅकेटांना (डेटाच्या तुकड्यांना) पीसीसीच्या नियमांना बगल देऊन पुढे काढतो. वाटणी कधी लागते, कधी नाही, आणि तुम्ही दोन दिवस डोकं खाजवत बसता. तो बंद करा. प्रोसेसरवर भार थोडा वाढतो, तेवढं चालवून घ्यायचं. दुसरा खड्डा लाइन जिवंत आहे का हे तपासण्याचा. राउटर गेटवेला, म्हणजे लाइनच्या पहिल्या दाराला, पिंग करतो ("आहेस का?" विचारतो), आणि आपल्याकडे बहुतेक वेळा गेटवे म्हणजे भिंतीवरचाच ओएनयू. बाहेर जेसीबीनं फायबर तोडली तरी ओएनयू १९२.१६८.१.१ वरून "मी आहे" म्हणून उत्तर देतच राहतो. राउटर खूश आणि पोरं मेलेल्या लाइनवर. म्हणून तपासणी ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याची लावायची, त्यासाठी रिकर्सिव्ह रूट (बाहेरच्या पत्त्याच्या आधारानं ठरणारी वाट) लिहावे लागतात. दर दहा सेकंदांनी पिंग जातं, लागोपाठ दोन चुकले की लाइन बाद.

मायक्रोटिकचा मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो प्रत्येक मोबाइलला वेगाची मर्यादा घालायला. ईआर६०५ मध्येही मर्यादा घालता येते, पण इथं मोकळी असलेली जागा आपोआप वाटून देता येते. खरं सांगायचं तर संध्याकाळी सातचा निम्मा ओरडा दुसऱ्या लाइननं नाही, या मर्यादेनंच थांबतो. एका पोराच्या मोबाइलचा अपडेट सुरू झाला की अख्खी रांग त्याच्यामागे अडते.

पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स

ही राउटरची सॉफ्टवेअरं, दोन्ही फुकट मिळतात, एखाद्या चार पोर्टच्या मिनी पीसीवर टाकायची. लाइनींचे गट करून त्यांना पायऱ्या द्यायच्या: एकाच पायरीवरच्या लाइन काम वाटून घेतात, खालच्या पायरीवरची वरच्या पडल्या की उठते. लॉग, फायरवॉल, कोणी किती वापरलं याचा हिशेब, सगळं नीट दिसतं. माझ्या मते मात्र याचा खरा मोठेपणा वेगळाच आहे. आपल्याकडची लाइन मरते कमी, आजारी पडते जास्त. पिंग जातं, पण शंभरातली वीस पॅकेटं वाटेत गळतात, आणि साधा राउटर तिला धडधाकट समजतो. इथं पॅकेट किती टक्के गळाली किंवा किती मिलिसेकंद उशीर झाला की लाइन बाजूला काढायची, ते आकड्यात सांगता येतं. मायक्रोटिकमध्ये हे नेटवॉच या लाइनवर नजर ठेवणाऱ्या सोयीनं आणि स्क्रिप्ट लिहून जमतं. ईआर६०५ कडून एवढी अपेक्षा ठेवू नका.

खर्च मिनी पीसीचा, आणि वीज अचानक गेली की डिस्क बिघडण्याची थोडी धास्ती. कॉलेजच्या लॅबला, दवाखान्याला, तीस-चाळीस जणांच्या ऑफिसला शोभतं. जुना राउटर पडून असेल तर त्यात टाकायचं फुकट सॉफ्टवेअर ओपनडब्ल्यूआरटी आणि त्यातलं लाइन वाटणारं एमवॅन३ सुद्धा आहे, पण ते हौशी माणसानं स्वतःच्या घरी करावं.

पेपलिंक

दोन लाइन खरोखर एक करणारा पर्याय हा. स्पीडफ्यूजनमध्ये एकाच कनेक्शनची पॅकेटं दोन्ही लाइनींवरून जातात आणि दुसऱ्या टोकाला जुळवली जातात. त्यासाठी दुसऱ्या टोकाला यांचंच यंत्र किंवा क्लाउड सर्व्हर लागतो. लाइव्ह प्रक्षेपण करणारे, बोटीवरचे लोक घेतात. एका लाइव्ह कार्यक्रमात बघितलं, एक लाइन मुद्दाम काढली तरी चित्र अडकलं नाही. किंमत मात्र आधीच्या दोन डब्यांच्या कित्येक पट. अभ्यासिकेनं याच्या वाटेला जाऊ नये.

काकांना मी ईआर६०५ दिला. मायक्रोटिक मला स्वतःला जास्त आवडतो, पण रात्री दहाला काही अडलं तर तिथं रात्रपाळीचा एक मुलगा आणि मी दीड तासावर. त्या मुलाला फोनवर "तिसरं पान उघड, हिरवा दिवा आहे का सांग" एवढं सांगता आलं पाहिजे. तुमच्या गावात, पायी अंतरावर, मायक्रोटिकवाला असेल तर बेलाशक तो घ्या.

डबा कुठलाही घेतला तरी काही कामं टळत नाहीत. दोन्ही ओएनयू बहुधा १९२.१६८.१.१ वरच असतात. एकाचा पत्ता बदला किंवा ते ब्रिज मोडला टाका (ओएनयू स्वतः राउटर न होता नुसतं नेट पुढे देतो), नाहीतर राउटर गोंधळतो. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) लाइन देणाऱ्या कुठल्याही एका कंपनीचा ठेवू नका, १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरा. सीसीटीव्ही बाहेरून बघायचा असेल तर पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळणाऱ्या लाइनला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) कायमचा बांधून टाका. सिमचं नेट फक्त बॅकअपला, वाटणीत घेतलंत तर दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपेल. आणि दोन्ही ओएनयू यूपीएसवर घ्या.

काकांच्या दोन्ही लाइन मात्र एकाच खांबावरून आत येत होत्या. आंब्याची फांदी पडली त्या दिवशी दोन्ही एकदमच गेल्या, कुठल्याही राउटरला काही करता आलं नसतं. आता दुसरी मागच्या गल्लीतून घेतलीय.

बसवणारा "झालं" म्हणाला की लगेच पैसे देऊ नका. तो चाचणी दाखवताना राउटरमधली वायर उपटतो. त्या वेळी पोर्टचा दिवाच विझतो, कुठलाही राउटर ते ओळखतो. तुम्ही ओएनयूच्या खालची पिवळी फायबर हळूच काढा, वायर जागेवर राहू द्या, आणि घड्याळ बघत मोबाइलवर एक व्हिडिओ लावा. काकांकडे पहिल्यांदा तो चार मिनिटं गोल फिरत राहिला. तपासणीचा पत्ता बदलल्यावर पंचवीस सेकंदांत चालू झाला, मग त्यांनी पाकीट काढलं.