पत्र्याला भोक न पाडता उघड्या जीपमध्ये गाणी : दिवाळी ते पोळा वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर आमच्या जीपमध्ये साउंड सिस्टीम बसवली, आता पोळा होऊन गेला. लातूरची थंडी, मे महिन्याचं ऊन, औशाच्या रस्त्यावर अचानक गाठलेला पाऊस, सगळं या सिस्टीमने सोसलंय. म्हणून आता सविस्तर लिहितो. आधी निकाल सांगतो: मी समाधानी आहे. जीपच्या पत्र्याला एकही नवं भोक नाही, मूळ वायरिंगमधली एकही वायर कापलेली नाही, आणि हूड खाली असताना पन्नासच्या वेगातही गाण्याचे शब्द सुटे सुटे कळतात. उघड्या गाडीत वॅटच्या मागे लागू नका, स्पीकर कानाजवळ आणा, एवढंच मला या सगळ्या खटाटोपात कळलं आणि तेच पुढे उलगडून सांगतो.

गाडी आहे महिंद्रा एमएम ५४०, १९८८ ची, अण्णांनी घेतलेली. प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन, कॅनव्हासचं हूड, पुढची काच बोनेटवर आडवी पडणारी. डॅशबोर्ड म्हणजे सरळ पत्रा, त्यात रेडिओला जागाच नाही. डाव्या मागच्या कोपऱ्यात एक पोचा आहे, तो १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडे मदतीचं सामान नेताना पडलेला. रंग दोनदा मारला, पण तो पोचा अण्णांनी ठोकून घेतला नाही. अशा गाडीत स्पीकर बसवायचे म्हटल्यावर त्यांची अट एकच होती: "पत्र्याला हात लावायचा नाही. बाकी काय बी कर."

भावनेचा भाग सोडला तरी ही अट व्यवहाराचीही आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. आमची जीप २०३८ मध्ये पन्नाशी गाठेल. तशी नोंद केली की गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कारणांसाठीच काढता येते. त्यामुळे तेव्हा काय करायचं ते तेव्हा बघू. पण आज कापलेला डॅशबोर्ड उद्या जोडता येत नाही, आणि जुन्या गाड्यांची किंमत करणारा माणूस पहिली नजर डॅशबोर्डवरच टाकतो.

लातुरात दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळीकडे उत्तर तेच: "भाऊ, डॅश कापावाच लागतोय, दहा मिनिटाचं काम हाय." नाहीतर मागच्या बाकांखालच्या पत्र्यात सहा इंची गोल कापून स्पीकर बसवू आणि वर हजार वॅट लिहिलेला ॲम्प (ॲम्प्लिफायर) टाकू. दोन्ही नको म्हणालो आणि बंद गाडीत जे चालतं ते उघड्या गाडीत का चालत नाही, हे आधी समजून घेतलं.

बंद कारमध्ये काचा लावल्या की आतली हवा कोंडलेली असते, स्पीकरने तिला थोडं जरी ढकललं तरी खर्ज भरून येतो. हूड पाडलेल्या जीपमध्ये कोंडायला हवाच नाही. त्यात भर म्हणजे स्पीकरचा पडदा पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागून ओढतो. मागची बाजू बंद नसेल तर मागची लाट फिरून पुढे येते आणि खालचे सूर एकमेकांना मारून टाकतात. पत्र्यात भोक पाडून लावलेल्या स्पीकरची पाठ मोकळीच असते. म्हणून तिथे नुसता किनरा आवाज येतो आणि लोक वैतागून आणखी मोठा ॲम्प घेतात.

दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत ऐकणाऱ्याचं अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. तेवढेच ६ डेसिबल ॲम्पकडून हवे असतील तर वॅट चौपट लागतात. तिसरी गोष्ट स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो, जी खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली असते आणि कुणी वाचत नाही. ८७ डेसिबलचा स्पीकर आणि ९१ डेसिबलचा स्पीकर यांत अडीचपट वॅटचा फरक आहे. ९१ वाला साध्या ॲम्पवर जे देतो त्यासाठी ८७ वाल्याला अडीचपट ताकद पाजावी लागते, आणि ती ताकद शेवटी जुन्या अल्टरनेटरकडूनच यायची.

मग ठरलं ते असं. पुढच्या दोन सीटच्या पाठीमागे, चाकांच्या कमानींच्या मधल्या जागेत एक आडवी लाकडी पेटी. तिच्यात मधे फळी घालून दोन बंद कप्पे, प्रत्येकात साडेसहा इंची मरीन स्पीकर, तोंड पुढे आणि किंचित वर. सीटची पाठ बुटकी असल्याने स्पीकर थेट खांद्यामागे येतात, कानापासून हातभर अंतरावर. आवाज फक्त पाठीमागून येतोय असं वाटू नये म्हणून डॅशबोर्डखाली, आधीपासून असलेल्या बोल्टवर पट्ट्या अडकवून चार इंची दोन छोटे स्पीकर त्यांच्या डब्यांसह. ॲम्प पेटीतच, वेगळ्या हवेशीर कप्प्यात.

मरीन म्हणजे बोटीसाठी बनवलेले स्पीकर. लातुरात बोट कुठली, असं दुकानदारही म्हणाला. पण पाणी, ऊन आणि धूळ खाण्यासाठी तेच बनवलेले असतात: पडदा पॉलिप्रॉपिलीनचा, कडेला रबर, जाळी उन्हात न पिवळी पडणारी. कागदी पडद्याचा स्पीकर आमच्याकडच्या उघड्या गाडीत एक पावसाळा काढणार नाही.

पेटी औसा रोडच्या एका सुताराकडून करून घेतली. १८ मिमीचा मरीन प्लाय, आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघूनच घेतला. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, पाण्याने फुगतो, तो अजिबात वापरू नका. सांध्यांना आतून सिलिकॉन, कप्प्यांत उशीत भरतात तो फायबर सैलसर भरलेला. पेटी सीटच्याच मागच्या बोल्टवर लोखंडी पट्ट्यांनी आवळली आहे आणि पट्टी पत्र्याला जिथे टेकते तिथे ट्रकच्या ट्यूबचे तुकडे. नुसत्या पट्ट्याने बांधून ठेवू नका. जोरात ब्रेक लागला तर एवढं वजन थेट पाठीत येईल. नट सगळे नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले, सैल न होणारे), कारण डिझेलचा हादरा साधा नट महिन्याभरात सैल करतो.

वायरिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि त्याचं चीज झालं. बॅटरीपासून थेट स्वतंत्र ८ गेजची वायर, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. वाटेत कुठे वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागण्याआधी तो उडायला हवा, म्हणून तो बॅटरीजवळच पाहिजे. वायर विकत घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. बाजारात 'ॲम्प किट' म्हणून स्वस्तात मिळतं त्यात बहुतेक वेळा हेच निघतं.

निगेटिव्हसुद्धा बॉडीवर न घेता बॅटरीपर्यंत परत नेली. बॉडीवर अर्थ (अर्थिंग) घ्यायचा तर रंग खरवडावा लागतो, तिथून गंज धरतो, आणि पस्तीस वर्षांच्या पत्र्याच्या सांध्यांवर अर्थ कसा मिळेल याचा नेम नाही. दोन्ही वायरी मूळ हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, जुन्याच रबरी ग्रोमेटमधून (भोकातल्या रबरी कड्यातून) आत आल्या. पेटीवर एक टॉगल स्विच आणि छोटा व्होल्टमीटर. इग्निशनची वायर कुठेही टॅप केलेली नाही. गाडी बंद केली की स्विच हाताने बंद करायचा, दोन-चार दिवसांत सवय होते.

गाणी फोनवरून ब्लूटूथ रिसीव्हरने. आवाजाचं बटण आणि फोनचा होल्डर दोन्ही रबर चढवलेल्या चुंबकावर डॅशबोर्डला चिकटवलेत. पत्र्याचा डॅशबोर्ड तिथे वरदान ठरला: लावला, काढला, ओरखडाही नाही.

सुरुवातीला एक त्रास झाला. ॲक्सिलरेटर दाबला की गाण्याच्या मागे बारीक शिट्टी यायची आणि इंजिनासोबत चढायची. रिसीव्हरला करंट एका ठिकाणाहून आणि ॲम्पला दुसऱ्या ठिकाणाहून मिळत असला की दोन अर्थांच्या मधे असा आवाज शिरतो. रिसीव्हरचा पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ॲम्पच्याच टर्मिनलवर आणला, सिग्नलची केबल पेटीच्या दुसऱ्या बाजूने घेतली आणि शिट्टी गेली. यासाठी दुकानात फिल्टर विकतात. आधी अर्थ तपासा, बहुतेक वेळा फिल्टरची गरजच पडत नाही.

ॲम्प चार चॅनेलचा, क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार), प्रत्येकी ५० वॅट आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी खरी ताकद. पूर्ण ताकदीवर हिशेबाने १८ अँपिअरच्या आसपास खेच होते, पण प्रत्यक्ष गाण्यात क्लॅम्प मीटरवर चार-पाचच्या पुढे क्वचित जाते. दोन हेडलाइट याच्या दुप्पट खातात. रात्री हेडलाइट लावून, गाणं चालू ठेवून व्होल्टमीटर १३.५ च्या खाली आला नाही, त्यामुळे अल्टरनेटरला हात लावावा लागला नाही.

आता ऐकण्याबद्दल. गाडी उभी असताना आवाज घरच्या चांगल्या सिस्टीमसारखा भरदार आहे, हे मनापासून सांगतो. खरी कसोटी रस्त्यावर. इंजिनाची घरघर, टायर आणि वारा मिळून खालचे सूर आधी झाकतात, माणसाचा आवाज त्यामानाने तग धरतो. त्यामुळे प्रल्हाद शिंद्यांचा खडा आवाज आणि मागचे टाळ साठच्या वेगातही स्वच्छ येतात. भीमसेनजींच्या अभंगात पखवाज पन्नासपर्यंत अंगावर येतो, पुढे विरळ होतो. तबल्यात चाट (काठावरचा बोल) शेवटपर्यंत ऐकू येते, पण बायाची (डग्ग्याची) मिंड, म्हणजे घसरत जाणारा खर्ज, पंचेचाळीसनंतर हरवते. तानपुरा फक्त बैलगाडीच्या वेगाने जाताना किंवा बांधावर गाडी लावल्यावर. सत्तरच्या पुढे मी बंदच करतो. त्या वेगात ऐकू येण्याइतका आवाज वाढवला तर कानाचं नुकसान आहे आणि मागच्या ट्रकचा हॉर्नही कळत नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. उघडी जीप गाणं न लावताच त्या आकड्याच्या जवळ जाते.

इक्वलायझर जमवायला बराच वेळ द्यावा लागला. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं. ते कुणाला ऐकू येत नव्हतं आणि स्पीकरचा पडदा मात्र उगीच धापा टाकत होता. दीड ते तीन किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उचलला. हे दोन बदल केले त्या दिवशी सिस्टीम खरी सुरू झाली असं मी मानतो.

उन्हाळा कठीण गेला. मे महिन्यात दुपारी बेचाळीसच्या उन्हात गाडी उभी राहिली की ॲम्प तापून स्वतःहून बंद व्हायचा आणि चालू लागल्यावर वारा लागून पंधरा-वीस मिनिटांनी परत सुरू व्हायचा. पेटीच्या झाकणावर पांढरी ताडपत्री टाकायला लागलो तेव्हापासून बंद होणं थांबलं. काळ्या मातीची धूळ मात्र कशालाच सोडत नाही. जाळीच्या आत तिचा थर बसतो, तो कोरड्या मऊ ब्रशने काढायचा. ओल्या फडक्याने पुसली तर चिखल होऊन रबराच्या कडेला सुकतो. पावसाने एकदा चांगलंच झोडपलं, हूड चढवेपर्यंत पेटी निथळत होती. स्पीकरला काही झालं नाही. प्लायच्या एका कोपऱ्यावरचा रंग मात्र फुगलाय, तिथे पॉलिश परत मारावं लागेल.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. मागच्या बाकांवर बसणाऱ्यांना स्पीकरची पाठ मिळते, त्यांच्या वाट्याला गाणं कमीच येतं. आई आणि काकू तुळजापूरला जाताना मागे बसल्या तेव्हा त्यांनी हे स्पष्ट सुनावलं. दुसरी म्हणजे पेटीमुळे पुढच्या सीट मागे सरकवता येत नाहीत. माझी उंची बेताची आहे, उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागतील.

उघड्या गाडीतून चोरी होण्याची भीती होती. म्हणून पेटीच्या वायरी मोठ्या प्लास्टिक कनेक्टरवर घेतल्यात. दोन बोल्ट, एक कनेक्टर, पेटी उचलून घरात. लग्नसराईत गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ गाडी लावावी लागते तेव्हा मी पेटी घरीच ठेवतो. आणि हो, उघड्या गाडीतला आवाज रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जातो. दवाखान्यांजवळ, अभ्यासिकांच्या गल्ल्यांत मी आवाज पूर्ण उतरवतो. लातुरात अशा गल्ल्या किती आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको.

खर्च सगळा मिळून तीस हजारांच्या आत बसला. निम्म्याहून जास्त स्पीकर आणि ॲम्पमध्ये गेला, मग वायर, मग सुतार. जिप्सीवाल्यांचं काम यापेक्षा सोपं आहे, त्यांच्या डॅशबोर्डात रेडिओची जागा असते. मागची पेटी तशीच करून घ्या, फक्त माप घेताना सीट पूर्ण मागे सरकवून घ्या. आणि काहीही विकत घेण्याआधी रात्री हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १३ च्या खाली दाखवत असेल तर पहिला पैसा अल्टरनेटरवर घाला.