वर जावे की खाली उतरावे: सॅन फ्रान्सिस्को–व्हँकुव्हर किनारी क्रूझच्या दोन दिशा

अलास्काचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीस, मोठी प्रवासी जहाजे कॅलिफोर्नियाहून व्हँकुव्हरकडे जातात आणि हंगाम आटोपला की सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरमध्ये त्याच वाटेने परत खाली येतात. जहाज रिकामे नेण्यापेक्षा प्रवासी घेऊन नेलेले बरे, या हिशेबाने या तीन-चार-पाच रात्रींच्या फेऱ्यांचे दर बरेच कमी ठेवले जातात. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातील किंवा सिअ‍ॅटलकडच्या मराठी कुटुंबांत, भारतातून आईवडील आले असताना, या फेरीचा विचार हमखास होतो आणि पहिला प्रश्न असतो तो दिशेचा. मी या दोन्ही दिशांनी गेलो आहे, दोन्ही वेळा आईवडिलांना घेऊन, दोन्ही वेळा चार रात्रींसाठी. २०२३ च्या एप्रिलअखेर आम्ही सॅन फ्रान्सिस्कोहून व्हँकुव्हरला गेलो आणि २०२४ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हँकुव्हरहून सॅन फ्रान्सिस्कोला आलो. ओरेगॉनमधील अस्टोरिया आणि कॅनडातील व्हिक्टोरिया हेच दोन थांबे दोन्ही वेळापत्रकांत होते, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी सरळ होते, जरी दोन अनुभवांवरून नियम काढता येत नाही, हे मला मान्य आहे.

जे दोन्ही दिशांना सारखेच आहे, ते आधी बाजूला ठेवतो. ही फेरी प्रेक्षणीय स्थळांची नव्हे. जहाज किनाऱ्यापासून इतके दूर चालते की ओरेगॉनचे कडे फार तर एक निळी रेघ म्हणून दिसतात, आणि जो कोणी अलास्कासारख्या हिमनद्यांची अपेक्षा ठेवून चढेल त्याची निराशा होईल. सहप्रवासी बहुतेक निवृत्त, अनेकदा क्रूझ केलेले असे असतात आणि शाळा चालू असल्यामुळे मुले कमी असतात. भारतीय शाकाहारी जेवण आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवावे आणि पहिल्या रात्री भोजनगृहाच्या मुख्य वाढप्याला पुन्हा सांगावे. या जहाजांवर गोव्याची आणि मुंबईची मंडळी मोठ्या संख्येने काम करतात, आणि आमच्या पहिल्या फेरीत मडगावच्या एका तरुणाने आईसाठी रोज रात्री वरण-भात आणि एक कोरडी भाजी न विसरता आणून ठेवली. तिकिटाच्या दराखेरीज बंदराचे कर आणि माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर सेवाशुल्क धरावे, म्हणजे स्वस्त दिसणाऱ्या तिकिटाचा खरा आकडा समोर येतो.

व्हिसाचा मुद्दाही दोन्हीकडे सारखाच आहे, पण तो टाळता येत नाही म्हणून थोडे थांबतो. ही जहाजे जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याखाली नोंदलेली असतात आणि १८८६ चा अमेरिकी कायदा अशा जहाजांना एका अमेरिकी बंदरावर प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरावर उतरवू देत नाही. वाटेत व्हिक्टोरियाचा थांबा असला तरी सॅन फ्रान्सिस्कोला चढून सिअ‍ॅटलला कायमचे उतरता येत नाही, कारण वाटेत परदेशी बंदर घेतल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीसाठी ते बंदर उत्तर अमेरिकेच्या बाहेरचे असावे लागते. म्हणून फेरीचे एक टोक व्हँकुव्हरला असते आणि अमेरिकेचे ग्रीन कार्ड असणारे सोडले तर भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांना कॅनडाचा व्हिसा घ्यावाच लागतो. अमेरिकेत परत शिरण्याची तपासणी व्हँकुव्हरमध्येच होते, फरक इतकाच की वर जाणाऱ्याची ती विमानतळावर होते आणि खाली उतरणाऱ्याची कॅनडा प्लेसच्या धक्क्यावर. एकाच दिवशी दोन-तीन जहाजे लागली असतील तर धक्क्यावरची रांग लांब होते. आम्हाला ऑक्टोबरमध्ये सुमारे दीड तास उभे राहावे लागले आणि वडिलांसाठी मी शेवटी खुर्ची मागून घेतली. ही गैरसोय खाली येणाऱ्या फेरीच्या खात्यावर लिहायला हवी.

पैशांचा हिशेब केला तर वर जाणे थोडे स्वस्त पडते, हेही सांगून टाकतो. वर जाताना जहाज व्हँकुव्हरला सकाळी लवकर पोहोचते, कॅनडा प्लेसपासून चालत काही मिनिटांवर वॉटरफ्रंट स्थानक आहे आणि तेथून कॅनडा लाइनची गाडी २६ मिनिटांत विमानतळावर नेते, त्यामुळे दुपारचे विमान आरामात मिळते. खाली येताना मात्र जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळचे विमान धरणे मला धोक्याचे वाटते. आदल्या दिवशी पोहोचावे लागते आणि व्हँकुव्हरच्या हॉटेलची एक रात्र खर्चात वाढते. उलट, बे एरियात राहणाऱ्याला खाली उतरणे शेवटच्या दिवशी फार सुखाचे जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या २७ क्रमांकाच्या धक्क्यावर आम्ही सकाळी उतरलो आणि साडेदहाला आईवडील घरी, स्वतःच्या पलंगावर होते. सिअ‍ॅटलच्या किंवा व्हँकुव्हरच्या वाचकांनी हा मुद्दा उलटा वाचावा.

उजेडाच्या बाबतीत वसंत ऋतू निःसंशय सरस आहे. मेच्या सुरुवातीला व्हँकुव्हरमध्ये सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो पावणेसातच्या सुमारासच होतो. पहाटे जहाज लायन्स गेट पुलाखालून बंदरात शिरते तेव्हा उत्तर किनाऱ्याच्या डोंगरमाथ्यांवर अजून बर्फ असते आणि पुरेसे उजाडलेले असते. आई त्या वेळी डेकवर शाल घेऊन उभी होती आणि तो अर्धा तास तिला आजही आठवतो. ऑक्टोबरमध्ये गोल्डन गेटखालून आम्ही गेलो तेव्हा अंधार होता. पुलावरचे दिवे सुंदर दिसले, पण वडिलांना पूल पाहायचा होता, दिवे नव्हे. अर्थात संध्याकाळी व्हँकुव्हर सोडताना लायन्स गेट भरपूर उजेडात मिळाला, एवढी भरपाई झाली. व्हिक्टोरियाच्या बुचार्ट उद्यानात एप्रिलमध्ये ट्युलिप असतात, ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग, त्यात मी निवड करणार नाही.

एवढे सगळे मुद्दे वर जाण्याच्या बाजूने असूनही मी पुन्हा गेलो तर खालीच येईन, आणि त्याचे कारण एकच आहे: वारा.

कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या किनाऱ्यावर वसंतात वारा बहुतेक वेळा वायव्येकडून वाहतो. उत्तर पॅसिफिकवर उच्च दाबाचा पट्टा बसलेला असतो, आतली जमीन तापू लागून तिथला दाब उतरतो, आणि या दोहोंमधून किनाऱ्याला समांतर असा वारा सुटतो, जो पॉइंट अरीना, केप मेंडोसिनो, केप ब्लँको अशा पुढे आलेल्या भूशिरांपाशी आणखी जोर धरतो. हाच वारा वरचे पाणी बाहेर ढकलतो आणि खालचे थंड पाणी वर आणतो, त्यामुळे हवाही गारठलेली असते. वर जाणाऱ्या जहाजाचे नाक जवळजवळ सरळ या वाऱ्याच्या तोंडात असते. जहाज १८ नॉट वेगाने चालले असेल आणि समोरून २० नॉटचा वारा असेल, तर डेकवर उभ्या माणसाला ३८ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटरचा वारा लागतो. त्याच जहाजाने तोंड फिरवले आणि तोच वारा पाठीवर घेतला, तर त्याच माणसाला जेमतेम २ नॉटची झुळूक जाणवते. पाण्याची अवस्था तीच, वारा तोच, पण डेक वेगळा होतो.

एप्रिलच्या फेरीत गोल्डन गेट ओलांडून तासाभरातच वरच्या डेकची दारे बंद करण्यात आली. खुर्च्या एकावर एक रचून पट्ट्यांनी बांधल्या होत्या, पोहण्याच्या तलावावर जाळी ओढली होती आणि दारावर पाटी होती. दुसरा दिवस पूर्ण समुद्रात गेला आणि पाटी तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी अस्टोरियाचा थांबा होता, पण कोलंबिया नदीच्या मुखाशी वाळूच्या उथळ पट्ट्यावर लाटा फुटत असल्यामुळे कप्तानाने आत शिरण्याचे रद्द केले. त्या मुखाला पॅसिफिकची स्मशानभूमी म्हणतात, त्यामुळे त्यांच्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की चार रात्रींच्या फेरीतले सलग दोन दिवस आम्ही काचेच्या मागे बसून काढले.

वडील देवगडचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जाण्याची आठवण ते नेहमी सांगतात: उघड्या डेकवर पथारी, पहाटे दिसणारे किल्ले, आणि ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी आजीच्या पिशवीतली आवळासुपारी. पंचाहत्तरीच्या जवळ आल्यावर त्यांना या प्रवासातून खेळ, दुकाने, गाणी यांतले काहीच नको होते, फक्त पाण्याजवळ, उघड्यावर, एका खुर्चीत बसायचे होते. दोन दिवस ते दर तासाला दारापाशी जाऊन पाटी निघाली का पाहून येत. बाल्कनीची केबिन घेतली असती तर प्रश्न सुटला असता असे कोणी म्हणेल, पण बाल्कनीतही वारा भिंतीला आपटून वळतो आणि तिच्यासाठी मोजावे लागणारे पैसे फेरीच्या स्वस्तपणाचा अर्थच घालवतात. शिवाय समोरून येणाऱ्या लाटांवर जहाजाचे नाक वर-खाली होत राहते, आणि आमची केबिन पुढच्या बाजूला असल्यामुळे आईला पहिली रात्र झोप लागली नाही. आवळासुपारी तिने या वेळीही आणली होती आणि ती कामी आली.

ऑक्टोबरच्या फेरीत हे चित्र उलटे झाले. वर्षाच्या त्या काळात वायव्येचा वारा मुळातच मंदावलेला असतो, सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचे सर्वांत उबदार दिवस असतात, आणि जो वारा होता तो पाठीवर होता. अस्टोरियाला आम्ही वेळेवर लागलो, १९२६ साली उभारलेल्या स्तंभाच्या १६४ पायऱ्या मी एकटाच चढलो आणि वडील खाली बाकावर बसून नदीचे पात्र पाहत राहिले. पुढचा दिवस समुद्रातला. न्याहारीनंतर त्यांनी डेकवर डाव्या बाजूची, किनाऱ्याकडची, खुर्ची धरली आणि जेवणाचा वेळ सोडला तर सूर्य मावळेपर्यंत ते तिथेच होते. अंगावर एक साधा स्वेटर होता, हातातले वर्तमानपत्र उडत नव्हते. केप मेंडोसिनोच्या आसपास, जिथे आदल्या फेरीत दारे बंद होती, तिथे आईने डेकवर चहा घेतला.

या सुखाला दोन उणिवा आहेत. वारा आणि जहाज एकाच वेगाने एकाच दिशेला चालले की धुराड्याचा धूर मागे न जाता जहाजावरच रेंगाळतो, त्यामुळे मागच्या उघड्या डेकवर दुपारी तेलकट वास येत होता आणि आम्हाला पुढे सरकावे लागले. दुसरी उणीव तारखेची आहे. ऑक्टोबर जसजसा सरतो तसतशी वॉशिंग्टन आणि ओरेगॉनच्या किनाऱ्यावर हिवाळी वादळे येऊ लागतात, त्यांचा वारा दक्षिणेकडून असतो, आणि मग खाली येणाऱ्यालाच तो तोंडावर घ्यावा लागतो. म्हणून माझे म्हणणे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा एवढ्यापुरतेच धरावे. त्या पुढच्या फेऱ्यांचे दर आणखी उतरलेले दिसले तरी आईवडिलांना घेऊन मी त्या घेणार नाही.

ज्यांना डेकवर बसण्याची तेवढी ओढ नाही, ज्यांचा वेळ भोजनगृहात, पत्त्यांत किंवा पुस्तकात जाणार आहे, त्यांना वसंतातली फेरी कदाचित अधिक फायद्याची ठरेल: एक हॉटेलची रात्र वाचते, धक्क्यावरची रांग टळते आणि दिवस मोठा मिळतो. काहींच्या आईवडिलांचा मुक्कामच मार्च ते जूनचा असतो आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नसतो. अशांनी लॉस एंजेलिसऐवजी सॅन फ्रान्सिस्कोहून सुटणारे जहाज पाहावे, म्हणजे पॉइंट कन्सेप्शनचा वाऱ्याचा टापू तरी वगळला जातो. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, खिडकी नसली तरी चालेल. आरक्षणाआधी जहाजाच्या नकाशात एवढे जरूर पाहावे की खालच्या मजल्यावर भोवताली फिरणारा, छत असलेला उघडा डेक आहे की नाही. वरची दारे बंद झाली तरी अशा डेकची वाऱ्याआडची बाजू बरेचदा उघडी ठेवतात, आणि तिथे दोन खुर्च्या मावतात.