रातकिड्यांच्या नावाखाली १८,२९९ रुपये गेले, गोव्यातल्या टोडवाल्यांनो सावध व्हा

लिहायला लाज वाटतेय, पण आणखी कोणी अडकू नये म्हणून लिहितोय. आमच्याकडे डिचोलीत दोन फायर बेलीड टोड (बेडकाची एक जात) आहेत, हिरवी पाठ, लालभडक पोट, बेंगळुरूचा मित्र परदेशात गेला तेव्हा त्याने दिलेले. मूळचे कोरिया-चीनकडचे, थंड हवेतले, एप्रिल-मेमध्ये त्यांच्यासाठी खोलीत एसी चालतो. पाणीही क्लोरीन काढूनच देतो कारण कातडीतून पाणी शोषतात ते. सांगायचं म्हणजे मी निष्काळजी माणूस नाही.

जुलैत नेहमीच्या माणसाने रातकिडे देणं बंद केलं. टोड हलणारंच खातात, मेलेला किडा समोर टाकला तरी ढुंकून बघत नाहीत. बाहेरचे पकडून घालायचे तर कुणाच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काय फवारलंय कोण सांगणार? त्यात लहान टोडचे मागचे पाय लुळे वाटायला लागलेले, कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात हे माहीत होतं, म्हणून घाबरलो होतो. तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्याचा एक जण मिळाला. "दादा, दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नका, किड्यांना आधी गाजर चारा, मग व्हिटॅमिन डी३वाली कॅल्शियम पावडर लावा." सगळं बरोबर बोलत होता, कुणीही विश्वास ठेवला असता. ३०० रातकिडे, पावडर, पॅकिंग मिळून १,८०० पाठवले.

मग त्याने पार्सलचा फोटो पाठवला. रात्रीच्या बसने म्हापशाला येणार म्हणाला. खाकी खोका, चारी बाजूंनी सेलोटेप, आणि भोक एकही नाही. एकही नाही! जिवंत किडे रात्रभर बिनहवेच्या खोक्यात? मी स्वतः किड्यांच्या डब्याला जाळी लावतो. फोटो मोठा करून बघितला, मनात आलंसुद्धा, आणि तरी बायकोला म्हटलं, आतून काहीतरी सोय केली असेल. तो फोटो अजून मोबाईलमध्ये आहे, बघितला की डोकं फिरतं.

पहाटे साडेपाचला भर पावसात म्हापशाच्या स्टँडवर उभा. बस आली, पार्सल नाही. म्हणे लाइव्ह अ‍ॅनिमल परमिट नाही म्हणून अडवलं, ४,५०० डिपॉझिट भरा, परत मिळेल. रातकिड्याला कसलं परमिट? आमच्या मागच्या दारी रात्रभर ओरडत असतात. पण टोडांनी आठवडाभर धड खाल्लं नव्हतं, भरले. मग आंबोलीत दरड पडली म्हणे, मग म्हणे रिफंड घ्या, क्यूआर स्कॅन करा. स्कॅन केला, पिन टाकला, ११,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मीच माझ्या आईला शिकवलंय.

बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलात ना" एवढं एकच वाक्य, तीन टेबलांवर तीनदा. चौकीवर हवालदार म्हणतो, "बेब्यांक खाण विकतें घेतलें?" (बेडकांना खाणं विकत घेतलं?) आणि बाजूच्याला बोलावून परत तेच सांगायला लावलं. अरे, माणूस कुत्र्याचं खाणं मागवतो तेव्हा हसता का? दोन तास बसवलं, अर्जात रातकिडे लिहायचं की "पाळीव प्राण्यांचं खाद्य" यावर वाद, मग सांगितलं हे आमच्याकडे नाही, पणजीला जा. पणजीला गेलो तर आधी चौकीचा कागद आणा. सुट्टी मोडून चार खेपा, अर्जाची पोच सोडून हातात काही नाही. तोपर्यंत पैसे पुढच्या खात्यात, तिथून आणखी कुठे.

माझ्यासारखी लाज बाळगून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका, त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, पैसे अजून समोरच्याच्या खात्यात असतील तर तेवढेच अडकवता येतात. ओळखीशिवाय आगाऊ पैसे नाहीत. व्हिडिओ कॉलवर हलणारे किडे आणि पॅकिंग दोन्ही दाखवायला लावा, टाळाटाळ केली की फोन बंद. परत मिळणारं डिपॉझिट म्हणाला की तिथेच ब्लॉक.

टोडांना सध्या आमच्याच कंपोस्टमधली गांडुळं तुकडे करून चिमट्याने हलवत देतोय, कॅल्शियम आता प्राण्यांच्या डॉक्टरांकडून आणलंय. म्हापशाच्या एका मुलाने वीस मोठे रातकिडे दिले, एक पैसा न घेता. अंड्याचे ट्रे, ओला कोकोपीट, वर जाळी, असा डबा लावलाय. परवा त्यात मुंगीएवढी पिल्लं दिसली. लहान टोडचा डावा पाय मात्र अजून सरळ होत नाही.