मिनी पीसी आठ महिने वापरला, सगळं भारी पण बटण...

राजारामपुरीत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स. टेबलावर जागाच उरली नव्हती म्हणून जुना टॉवर काढला आणि हा मिनी पीसी आणला. हातावर मावतो, आवाज नाही, कोरल आणि फोटोशॉप एकदम उघडलं तरी दमत नाही. मशीनबद्दल तक्रार शून्य.

तक्रार पॉवर बटणाची. ते पुढच्या बाजूला आहे आणि एका बोटाच्या अंतरावर यूएसबी. आमच्याकडं दिवसभर गिऱ्हाईक पेन ड्राईव्ह घेऊन येतंय, मी त्यांच्याशी बोलत बोलत न बघता खुपसतोय, आधी उलटा, मग सुलटा, आणि तेवढ्यात अंगठा बटणावर. ऐन लगीनसराईत मुलीकडचे सहा जण प्रूफ बघायला बसलेले, मामांचं नाव वर की खाली यावर अर्धा तास गेलेला आणि स्क्रीन काळी. खरंतर मशीन नुसती स्लीपला गेलेली, पण मी घाबरून बटण दाबून धरलं, आणि चारेक सेकंद धरलं की सरळ बंदच होतंय. फाईल सेव्ह नव्हती. मामा परत पहिल्यापासून.

त्याआधी महिनाभर मॉनिटरच्या मागं स्क्रूनं बसवून बघितलेला. टेबल मोकळं झालं, पण बटण शोधायचं म्हणजे स्वतःची पाठ खाजवल्यासारखं. टेबलावर ठेवला तर डबा इतका हलका की बटण दाबलं की मागं सरकतोय, एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं दाबायचं. आण्णा म्हणाले, "जुना बरा हुता की रं, पायाच्या अंगठ्यानं चालू व्हायचा."

मोठ्या कंपन्यांचंही तेच म्हणा. ॲपलनं २०२४ च्या मॅक मिनीचं बटण चक्क तळाला दिलंय, मागच्या कोपऱ्यात. डबा १२.७ सेंटीमीटरचा, पुढं-मागं सगळे पोर्ट, मग बटण जाणार कुठं? इंटेलच्या सुरुवातीच्या एनयूसी नावाच्या मिनी पीसीला ते वरच्या अंगाला होतं, म्हणजे वर बिलबुक ठेवायची सोय नाही.

मी काय केलं सांगतो. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जाऊन बटण दाबल्यावर 'डू नथिंग' केलं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, लाईट आली की 'पॉवर ऑन' असं सेटिंग असतंय (बहुतेक मशीनमध्ये मिळतंय, नाव थोडं वेगळं असंल), ते चालू केलं. आता रात्री शट डाऊन करून बोर्डावरनं बंद, सकाळी बोर्ड चालू केला की मशीन आपोआप सुरू, बटणाला हात लावायचं कामच नाही. दाबून धरलं तर अजूनही बंद होतंय, पण हँग झाल्यावर तेवढं पाहिजेच की. वर बटणाभोवती नळाचा रबरी वॉशर फेविक्विकनं चिकटवलाय. दिसायला गबाळं, पण अंगठा अडतोय.

पाचपैकी साडेतीन स्टार. आण्णांचा पाय अजून टेबलाखाली टॉवर शोधतोय.