झोटेरो: संदर्भांचा चोख कारकून, पण संपादक नव्हे

पहिला शोधनिबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याने एकच सॉफ्टवेअर शिकायचं ठरवलं, तर ते झोटेरो असावं. संदर्भांच्या नोंदी साठवून लेखात संदर्भ आणि संदर्भसूची घालून देणारं, मोफत, मुक्तस्रोत, २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालेलं. फक्त एक लक्षात ठेवायचं: आपण जे भरू तेच ते जर्नलच्या शैलीत बसवून देतं. भरलेलं चुकीचं असेल, तर चूकही नीटनेटकी छापली जाते.

नोंद घेण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे जादूच्या कांडीच्या चिन्हावर टिचकी मारून डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, टाकणं. पीडीएफ ओढून टाकली तरी बहुतेकदा माहिती आपोआप येते. जुने स्कॅन केलेले लेख मात्र अडतात, कारण त्यात मजकूर नसतो, नुसतं चित्र असतं. गूगल स्कॉलरच्या यादीतून घाऊक नोंदी उचलू नयेत. कुठे अंक नसतो, कुठे पानं. दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील, जर्नलच्या पानावरून घ्यावं.

खरी मेख शीर्षकात आहे. काही जर्नलं शीर्षकातल्या प्रत्येक मुख्य शब्दाचं पहिलं अक्षर मोठं छापतात, तर एपीएसारख्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) शैलीला संदर्भसूचीत फक्त शीर्षकाचा आणि उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामं मोठ्या अक्षराने हवी असतात. सूची बनवताना झोटेरो लहान अक्षरांचं मोठं करून देतं, उलट आपोआप करत नाही. कुठला शब्द विशेषनाम आहे हे त्याला कळणार कसं? म्हणून शीर्षकं साठवतानाच वाक्यासारखी साठवावीत. नोंदीतल्या शीर्षकावर राइट-क्लिक करून ते स्वतः तसं बदलण्याची सोय आहे, पण नंतर मूलद्रव्यांच्या खुणा आणि जीवाणूंची नावं डोळ्याखालून घालावीच लागतात. तिरकी अक्षरं हवी असतील तर 'आय', खालचा आकडा हवा असेल तर 'सब' हा एचटीएमएल टॅग शीर्षकातच लिहायचा.

लेखकांची नावंही अशीच दगा देतात. एका नोंदीत 'कुलकर्णी, आर.' आणि दुसरीत पूर्ण नाव असेल, तर एपीए शैलीत झोटेरो त्यांना दोन माणसं समजतं आणि मजकुरात आडनावाआधी आद्याक्षरं दिसू लागतात. तोच लेख दोनदा साठवला असेल तर वर्षापुढे 'ए' आणि 'बी' लागतं. मार्गदर्शक विचारतात, हे काय? उपाय सोपा: 'डुप्लिकेट आयटम्स'मध्ये जाऊन दोन्ही नोंदी एक करायच्या. नोंद काढून टाकण्यापेक्षा हे बरं, कारण वर्डमधले दुवे तुटत नाहीत.

झोटेरोचा वर्डमधला प्लगइन (वर्डमध्येच संदर्भ घालून देणारी जोडणी) उत्तम आहे, पण त्याने घातलेल्या संदर्भाचा मजकूर हाताने दुरुस्त करायचा नाही. केला की झोटेरो विचारतं, बदल ठेवायचा का? 'हो' म्हटलं की तो संदर्भ गोठतो. आकड्यांच्या शैलीत पुढे परिच्छेद वरखाली झाले, तरी तिथला १२ हा १२च राहतो. पान क्रमांक टाकायचा किंवा लेखकाचं नाव वगळायचं असेल तर संदर्भ घालण्याच्या चौकटीत दिसणाऱ्या त्याच्या फुग्यावर टिचकी मारून तिथेच करावं. प्रबंध लांबला आणि प्रत्येक संदर्भाला वर्ड अडखळू लागलं, तर डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये आपोआप अद्ययावत होणं बंद करावं.

सहलेखक असतील तर पहिल्या दिवसापासून ग्रुप लायब्ररी, म्हणजे सगळ्यांचा सामायिक नोंदसंग्रह, वापरावी. जो तो आपल्या खासगी लायब्ररीतून संदर्भ घालू लागला की वरचाच 'ए-बी'चा घोळ.

मोफत जागा ३०० एमबी, तीही फक्त जोडलेल्या फाइलींसाठी. नोंदींना मर्यादा नाही. पीडीएफ साठवल्या की ती भरायला वेळ लागत नाही.

मागे घेतलेल्या निबंधांवर लाल पट्टीची सूचना येते, ही मोठीच सोय. त्यासाठी नोंदीत डीओआय किंवा पबमेड (वैद्यकीय निबंधांची सूची) क्रमांक मात्र हवा.

जर्नलला पाठवताना 'अनलिंक सायटेशन्स' (संदर्भांचा झोटेरोशी दुवा तोडून साधा मजकूर करणारं बटण) दाबायचं ते फाइलची प्रत काढून, त्या प्रतीवरच. मूळ फाइलवर दाबलंत, तर परीक्षकांच्या शेऱ्यांनंतर सगळे संदर्भ पुन्हा हाताने घालत बसावं लागेल.