‘हायब्रीड किट’च्या नावाखाली आमचे ६८ हजार गेले

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कोणी हायब्रीड गाडी (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) बुक करणार असेल, तर सही करायच्या आधी हे वाचा. आमचे ६८,४०० रुपये गेले. इंजिनात नाही, बॅटरीत नाही, बाहेरच्या सजावटीत.

माझं रोज खानापूर-बेळगाव जाणं-येणं, शिवाय महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून गोवा. म्हणून दसऱ्याला हायब्रीड घ्यायचं ठरलं. शोरूममधला पोरगा आपलाच, मराठी बोलणारा. बाबांना काका, आईला काकू म्हणत पहिल्याच दिवशी घरचा झाला. आईने त्याच्या हातावर कुंदासुद्धा ठेवला.

बाहेरच्या सामानाचा विषय निघाल्यावर तो म्हणाला, “काका, हायब्रीड हाय ही. साध्या गाडीचं सामान हिला चालत नाही. बाहेरून एक पट्टी जरी लावून घेतलासा, तरी बॅटरीची वॉरंटी गेली बघा. आमच्याकडचं हायब्रीड किटच पाहिजे.”

बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी. ती जाईल म्हटल्यावर बाबा घाबरले आणि हो म्हणाले. ग्रिलची क्रोम जाळी, दारांवरच्या पट्ट्या म्हणजे साइड मोल्डिंग, खिडक्यांवरचे डोअर व्हायझर, बंपरचे कॉर्नर, मागचा स्पॉयलर, पुढच्या बंपरात एलईडी पट्ट्या. बंपरपुढचा लोखंडी क्रॅश गार्डही लावून देतो म्हणत होता. त्यावर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे, एअरबॅगला अडथळा होतो, हे भावाला माहीत होतं म्हणून तेवढं टळलं.

कोटेशनवर फक्त एक ओळ होती: ‘स्टायलिंग पॅक, १ नग’. पार्ट नंबर नाही, वेगवेगळे भाव नाहीत. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला रोड टॅक्सच १७ टक्के, वर विमा. एवढ्या मोठ्या ऑन-रोड आकड्यात ६८ हजार आमच्या डोळ्यांना दिसलेच नाहीत. कर्जही त्या सगळ्या रकमेवर झालं. त्या पट्ट्यांवर आम्ही ७ वर्षं व्याज भरणार आहोत.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, कणकुंबीच्या अलीकडे, डाव्या दाराची मोल्डिंग सुटून लोंबायला लागली. गाडी बाजूला घेऊन ती हातात घेतली. आतल्या बाजूला कंपनीचं लेबल नाही, नुसता दोन्हीकडून चिकटणारा टेप. आणि दाराच्या पत्र्याला चार भोकं! टेप धरत नाही म्हणून कोणीतरी सरळ ड्रिल मारून स्क्रू पिळले होते. प्रत्येक भोकाभोवती गंजाचं तांबडं कडं. नव्या गाडीला, नऊ महिन्यांत.

उद्यमबागेतल्या ओळखीच्या मिस्त्रींनी पुढचा बंपर काढल्यावर बाकीचं उघड झालं. एलईडीसाठी कंपनीची वायर सोलून जोड मारला होता, वर काळी चिकटपट्टी. मिस्त्री म्हणाले, दाराला पट्टी लावल्याने बॅटरीची वॉरंटी जात नाही; पण अशी वायर कापली की इलेक्ट्रिकल क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं. म्हणजे ज्याची भीती घालून किट विकलं, तेच काम शोरूमवाल्यांनी केलं. क्रोमची जाळीही मिस्त्रींनी काढायला लावली. हायब्रीडमध्ये इंजिनाबरोबर बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा इन्व्हर्टरही थंड राहावा लागतो, पुढून येणारी हवा अडवून चालत नाही.

असलंच सामान बाजारात बसवून १५ हजारांत मिळतं, हे दोन दुकानांत विचारून आलो. कंपनीच्या कस्टमर केअरने सांगितलं, असला पॅक आमच्या यादीतच नाही. शोरूमचा मॅनेजर मात्र एकच बोलला, “सही तुमचीच आहे ना?” तो पोरगा नोकरी सोडून गेलेला.

तुम्ही जाल तेव्हा कंपनीची छापील अ‍ॅक्सेसरीज यादी मागा आणि प्रत्येक वस्तू पार्ट नंबर व किमतीसह वेगळ्या बिलावर घ्या. पाकिटं तुमच्यासमोर फोडायला सांगा. स्पॉयलर किंवा दोन रंगांचं छत हवंच असेल, तर वरच्या मॉडेलात ते कंपनीतूनच बसून येतं का ते आधी बघा. ‘घ्यावंच लागतं’ म्हणाले तर लिहून मागा. आमच्या शेजारच्या वहिनींनी मागितलं, तर किट लगेच ऐच्छिक झालं.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, वकिलांमार्फत नोटीसही गेली. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, आम्ही त्यात आहोत. दाराची भोकं मुद्दाम बुजवलेली नाहीत, आयोगाला दाखवायची आहेत. पाऊस आला की बाबा छत्री घेऊन बाहेर जातात आणि त्यांवरची चिकटपट्टी बदलतात.