कूलंटच्या टाकीत तेल ओतून भाव पाडणारी गिऱ्हाइकं

जुनी पण ठणठणीत गाडी स्वतः विकायला काढली की कधीकधी दोघे-तिघे मिळून बघायला येतात. एक जण मालकाला कागदपत्रांत नाहीतर डिकीत गुंतवतो. तोवर दुसरा उघड्या बॉनेटपाशी कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत थोडं इंजिन ऑइल ओततो आणि थोडं सायलेन्सरच्या नळीत. मग चक्कर मारायची. नळी तापली की मागून धुराचा लोट निघतो. गाडी थांबवून टाकीतलं तेल मालकालाच दाखवायचं: "हेड गॅसकेट गेलंय, इंजिन खोलावं लागणार." हेड गॅसकेट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं सिलिंडर हेड यांच्यामधलं सील. ते स्वस्त असतं, पण बदलायला सिलिंडर हेड उतरवावं लागतं, मजुरीच जड जाते. या धास्तीनं मालक अर्ध्या भावात हो म्हणतो, आणि भाव पाडणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं.

पण टाकी नीट बघा. नुकतं ओतलेलं तेल कूलंटवर स्वच्छ तवंगासारखं तरंगतं. गॅसकेट गेल्यानं मिसळलेलं तेल घुसळून लोण्यासारखं तपकिरी, चिकट होतं. शिवाय तेव्हा बहुधा कूलंट घटत राहतं, इंजिन जास्त तापतं. सायलेन्सरमधलं तेल जळून संपलं की धूर थांबतो. खरोखर ऑइल खाणारं इंजिन पुन्हा पुन्हा धूर मारतं आणि डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळीही उतरत जाते. शंका उरलीच तर गॅरेजमध्ये कूलंटमधल्या वायूची तपासणी करून घ्या. टाकीच्या तोंडाशी धरलेल्या निळ्या द्रवाचा रंग बदलला तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येतोय.

एखादा सेन्सरचा प्लग ओढून मीटरवरचा इंजिनच्या बिघाडाचा दिवा पेटवणारेही असतात. तो प्लग परत बसवला की काम भागतं, मात्र दिवा घालवायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावावा लागू शकतो.

म्हणून माणसं येण्याआधी, इंजिन थंड असताना कूलंटची टाकी आणि डिपस्टिक यांचा व्हिडिओ काढा, मग इंजिन चालू करून मीटरवर एकही दिवा पेटलेला नाही हे त्यात दाखवा. याहून खाली जायचं नाही तो भाव आधीच ठरवा. सोबत घरातलं कुणीतरी घ्या; एकानं बॉनेटपासून हलायचंच नाही. धूर दिसला तर त्या दिवशी सौदा करू नका, गाडी आपल्या मेकॅनिकला दाखवा.

तेल ओतलेलं आढळलं तर गाडी तशीच चालवत राहू नका. कूलंटचे रबरी पाइप तेलानं फुगतात. इंजिन गार झाल्यावर कूलंट काढून यंत्रणा पूर्ण धुऊन घ्या. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उडतं.